युजरचा बडग्या करू नका
नागपुरातल्या सिस्टीम ॲडमिन, नेटवर्क आणि हेल्पडेस्कवाल्या मित्रांना खुले पत्र

मित्रांनो,

मागच्या आठवड्यात संध्याकाळी आयटी पार्कच्या रस्त्यावर चहा प्यायला थांबलो होतो. शेजारच्या बाकावर चार-पाच पोरं बसली होती, गळ्यात ओळखपत्रं, बोलणं सगळं सर्व्हर आणि स्विचचं. म्हणजे आपल्याच धंद्यातली. त्यातला एक रंगून सांगत होता. त्याच्या ऑफिसातल्या एक बाई दिवसातून तीनदा फोन करतात, म्हणून त्याने त्यांना धडा शिकवला. त्या जेवायला गेल्या तेव्हा त्यांच्या डेस्कटॉपचा स्क्रीनशॉट काढला, तोच वॉलपेपर म्हणून लावला आणि खरे आयकॉन लपवून टाकले. बाई येऊन अर्धा तास चित्रावर क्लिक करत बसल्या. फोन आला तर हा म्हणाला, "मॅडम, माउस गेला असंन. नवीन पाहिजे तर इंडेंट टाका." त्यांनी इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, टाकला. तो अजून मंजूर नव्हता, म्हणून दोन दिवस त्या शेजारणीचं मशीन रिकामं होण्याची वाट पाहत संध्याकाळी उशिरापर्यंत काम उरकत होत्या. बाकावरचे सगळे खदखदून हसले. एक जण म्हणाला, "लय भारी बे!"

मला हसू आलं नाही. तिथे मी काही बोललोही नाही, आणि तेच मनाला लागून राहिलं, म्हणून हे पत्र.

या कामात मला १९ वर्षं झाली. सीताबर्डीच्या एका दुकानात असेंबल्ड पीसी जोडण्यापासून सुरुवात केली. आज तीनेकशे मशीन सांभाळणाऱ्या एका लहान टीममध्ये आहे. तो वॉलपेपरचा प्रकार मी स्वतः केलेला आहे. कीबोर्डवरची एम आणि एनची बटणं अदलाबदल केली आहेत. आवाज चढवून बोलणाऱ्याचं टिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, मुद्दाम रांगेच्या शेवटी ढकललं आहे. तेव्हा बाहेरून कोणी उपदेश करतो आहे असं समजू नका.

आपल्या धंद्यातली ही चेष्टा जुनी आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत १९७५ च्या सुमारास युजर या शब्दाच्या स्पेलिंगला आधी एक एल जोडून त्याचा 'लूझर'सारखा उच्चार करायची पद्धत पडली, आणि ती जगभर पसरली. नेटवर्कचे थर सात, म्हणून बिघाड युजरमध्ये असला की 'आठव्या लेयरचा प्रॉब्लेम'. किंवा 'खुर्ची आणि कीबोर्डच्या मधला दोष'. हे शब्द आपण नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकतो, सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे भाग पाडणं, त्यानंतर. सिनियर बोलतो म्हणून ज्युनियर बोलतो. माझ्या हाताखाली आलेल्या किमान सहा-सात पोरांना ते मी शिकवले, याची मला आज खंत आहे.

ही चेष्टा कुठून येते तेही मला ठाऊक आहे. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत चढतो, सर्व्हर रूमचा एसी बसलेला असतो, दार उघडं टाकून, दोन टेबलफॅन लावून आपण तापमानाच्या आकड्याकडे पाहत उभे असतो आणि तेवढ्यात कोणीतरी फोनवर ओरडतो की प्रिंट येत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा तळघरात यूपीएस आणि बॅटऱ्या असलेल्या किती जणांनी गुडघाभर पाण्यात काय काय उचललं, ते आपल्याला माहीत आहे. सोमवारी त्याच लोकांना ऐकावं लागलं की मेल उशिरा येतोय. सगळं नीट चालू असताना आपल्याकडे कोणी पाहत नाही. बंद पडलं की आपण दिसतो. हा राग खरा आहे आणि तो कुठेतरी निघणारच.

पण तो निघतो कोणावर? आपण आजवर ज्यांना 'शिक्षा' केली त्यांची नावं एका कागदावर लिहून पाहा. मी लिहिली. त्यात एकही डायरेक्टर नव्हता, एकही मोठे साहेब नव्हते. अकाउंट्समधल्या बाई होत्या, आवक-जावक पाहणारे बाबू होते, डेटा एन्ट्रीची कंत्राटी मुलगी होती, रिसेप्शनवरचा पोरगा होता. साहेब व्हायरसने भरलेला पेन ड्राइव्ह घेऊन येतात तेव्हा आपण उभं राहून तो स्कॅन करून देतो. त्या मुलीने आणला तर तिचा यूएसबी पोर्ट बंद करतो आणि महिनाभर तिच्या नावाने हसतो. साहेबांनी पासवर्ड पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला तर आपल्याला दिसत नाही.

आपण नागपूरचे आहोत. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आपल्या शहरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. त्यांच्यासोबत बडगे, म्हणजे टर उडवण्यासाठी केलेले पुतळे, निघतात. लहानपणापासून आपण पाहत आलो, बडग्या कोणाचा होतो? महागाईचा होतो, भ्रष्टाचाराचा होतो, लोकांना छळणाऱ्या पुढाऱ्याचा होतो. गल्लीतल्या गरीब म्हातारीचा बडग्या कोणी करत नाही, आणि केला तर इतवारी-महालातले लोक तो पुढे जाऊ देणार नाहीत. ज्याच्या हातात सत्ता त्याची टर उडवायची, ही या शहराची रीत आहे. आता आपल्या ऑफिसात रूट पासवर्ड कोणाकडे असतो, याचा विचार करा. मेल कोण वाचू शकतं, खातं कोण बंद करू शकतं, माणसाचं दहा वर्षांचं काम एका कमांडने कोण पुसू शकतं? आपण. ऑफिसातल्या त्या मशीनपुरती सत्ता आपली आहे. म्हणून अकाउंट्सच्या बाईंचा बडग्या आपण करायचा नसतो.

आता ज्या घटनेने माझं हसणं बंद झालं, ती सांगतो.

२०१६ चा पावसाळा. मी तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी होतो. तिथे बिलं पाहणाऱ्या एक बाई होत्या, पन्नाशी उलटलेल्या. त्यांचं खातं दर दोन-चार दिवसांनी सकाळी लॉक व्हायचं. तीन चुकीचे पासवर्ड, खातं बंद. आम्ही त्यांना आपसात 'तीन-चूक' म्हणायचो. पुढे पुढे तर त्यांना समोरसुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचो. मग टीममध्ये ठरलं की यांना अद्दल घडवायची. फोन आला तरी खातं लगेच उघडायचं नाही, एक तास बसू द्यायचं, म्हणजे पासवर्ड लक्षात राहील. तो तास त्या रिकाम्या स्क्रीनपुढे काढायच्या, आणि त्यांचे साहेब येता-जाता विचारायचे, "आज पण?"

ऑगस्टमध्ये एका दुपारी त्यांना थकीत बिलाची वर्ड फाइल जोडलेला मेल आला. बिलं पाहणं हेच त्यांचं काम, त्यांनी फाइल उघडली. फाइलने सांगितलं, मजकूर दिसण्यासाठी वरचं बटण दाबा. त्यांनी दाबलं. त्यात फाइलींना कुलूप लावणारा व्हायरस होता. दहा मिनिटांत त्यांच्या फोल्डरमधल्या फाइलींची नावं बदलायला लागली. सव्वाचारची वेळ. त्यांनी ते पाहिलं, त्यांना कळलं की काहीतरी भलतंच झालं आहे, आणि त्यांनी मॉनिटर बंद केला. सीपीयू चालूच होता. पुढचा सव्वा तास त्या काळ्या पडद्यासमोर हातात हात धरून बसून राहिल्या. साडेपाचला दुसऱ्या विभागातून आम्हाला फोन आला की सामायिक ड्राइव्हवरची एकही फाइल उघडत नाही.

आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून आम्ही वाचलो. तरी पूर्ण दिवसाचं काम गेलं, दोन रात्री आम्ही घरी गेलो नाही आणि चाळीसेक लोकांना सगळी व्हाउचरं पुन्हा टाकावी लागली. पहिल्या पाच मिनिटांत फोन आला असता तर एक नेटवर्क केबल उपटून विषय तिथेच थांबला असता.

मी रागातच त्यांच्याकडे गेलो होतो. म्हटलं, "मॅडम, तुम्हाला दिसलं होतं ना? मग फोन का नाही केला?" त्या खाली पाहून म्हणाल्या, "दिसलं होतं सर. पण फोन केला असता तर तुम्ही सगळे हसले असते."

त्यांनी आरोप म्हणून हे म्हटलं नव्हतं. पाऊस आला म्हणून छत्री घेतली, इतक्या साधेपणाने त्या सांगत होत्या. आम्ही त्यांना वर्षभर जे शिकवलं होतं ते त्या नीट शिकल्या होत्या. हेल्पडेस्कला फोन केला की अपमान होतो, हे शिकल्या होत्या.

त्यानंतर आठवडाभर मी रोज सकाळी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसलो. पाच वर्षांत कोणीही हे केलं नव्हतं, मीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी खातं लॉक झालं आणि मला दिसलं. दिवसभराची इंग्रजी कामं उरकल्यावर संध्याकाळी त्या मराठी पत्रं टाइप करायच्या, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर, आणि तसंच मशीन लॉक करून घरी जायच्या. सकाळी लॉगिनच्या पडद्यावर भाषा मराठीच असायची. पासवर्डच्या चौकटीत सगळी अक्षरं काळे ठिपके होऊन येतात. इंग्रजीचं बटण दाबलं तरी आत मराठी अक्षर पडत होतं, आणि ते कळायला मार्ग एकच होता, कोपऱ्यातली भाषेची बारीकशी खूण. ज्या दिवशी आदल्या संध्याकाळी मराठी पत्र नसायचं, त्या दिवशी खातं बरोबर उघडायचं. त्या कधीही पासवर्ड विसरल्या नव्हत्या.

मी त्यांना ते दाखवलं. त्या बराच वेळ त्या खुणेकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस मी बरोबरच टाकत होते?"

मी म्हटलं, "हो." आणि माफी मागितली. त्यांनी "असू द्या सर" म्हटलं आणि कामाला लागल्या. सेटिंग बदलायला मला चार मिनिटं लागली होती.

पासवर्डचंच पुढे सांगतो, कारण सगळ्यात जास्त टिंगल आपण त्यावरून करतो. दर ९० दिवसांनी बदला, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह असलंच पाहिजे, हा नियम आपण इतकी वर्षं दामटून लावला. लोक वैतागून शेवटचा आकडा एकाने वाढवायचे, किंवा चिठ्ठीवर लिहून ठेवायचे, आणि आपण त्यांना मूर्ख ठरवायचो. या नियमांचा मोठा उगम २००३-०४ च्या सुमारास अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने काढलेल्या मार्गदर्शिकेत आहे. त्याच संस्थेने २०१७ मध्ये सुधारित मार्गदर्शिका काढून सांगितलं की कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, चिन्हं-आकड्यांची सक्ती करू नका, लांब पासवर्ड चालू द्या. मूळ मार्गदर्शिका लिहिणारे बिल बर यांनी त्याच वर्षी जाहीरपणे सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो. म्हणजे ज्या नियमावरून आपण लोकांना हसलो, तो नियमच चुकीचा होता. नागपुरात आजही किती ऑफिसांत तो जुना नियम तसाच चालू आहे, हे तुम्हीच पाहा.

आणि मोठे अपघात खरोखर आठव्या लेयरमधूनच होतात का? १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं, फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर पसरलं, सुमारे १५० देशांत दोन लाखांहून जास्त मशीन बंद पडली. ते पसरायला कोणी काही क्लिक करण्याची गरज नव्हती. विंडोजमधलं ते छिद्र बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. जिथे तो लावला गेला नव्हता, तिथे तो लावण्याचं काम युजरचं नव्हतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. तेव्हा विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून देणारे लोक युजर होते.

आपल्या हातून चूक होते तेव्हा आपण कसे वागतो, तेही पाहा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने काहीही लपवलं नाही, दुरुस्तीचं काम जगासमोर चालू ठेवलं आणि दोष माणसावर न टाकता बॅकअपच्या पद्धतीत काय चुकलं ते सविस्तर लिहिलं. आपण सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. ही पद्धत आपल्या क्षेत्राने घडवलेल्या सर्वांत चांगल्या गोष्टींपैकी एक आहे, असं मी मनापासून मानतो. मग ती आपल्या केबिनच्या दारापाशीच का थांबते?

कायद्याचंही एकदा सांगून ठेवतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ उघडून वाचा. मालकाच्या परवानगीशिवाय डेटाला इजा करणं, कामात अडथळा आणणं, अधिकृत माणसाला त्याच्या मशीनपासून रोखणं, हे सगळं त्यात आहे. ॲडमिनचा पासवर्ड मिळतो तो देखभालीसाठी, अद्दल घडवण्याची परवानगी त्यात येत नाही. आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. घाबरून मॉनिटर बंद करून बसलेला माणूस आपल्याला काहीच लक्षात येऊ देत नाही, आणि तेवढ्यात नुकसान पसरत राहतं.

माझं मागणं मोठं नाही. चुकून लिंक दाबली असं कोणी सांगायला आलं तर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य "बरं झालं लगेच सांगितलं" हे यावं, आणि ती गोष्ट मेलवर त्याच्या साहेबांना कॉपी होऊ नये. लॉगिनच्या पडद्याची भाषा इंग्रजी ठेवा, ठेवता येत नसेल तर टाइप केलेलं दाखवणारं डोळ्याचं बटण कुठे असतं ते मराठीत लिहून प्रत्येक टेबलावर लावा. जुन्या फाँटमधलं पत्र दुसऱ्या मशीनवर किडे-मुंग्यांसारखं दिसतं म्हणून फोन आला तर हसू नका. श्रीलिपी आणि कृतिदेवच्या काळात ज्यांनी या शहराचा मराठी कारभार संगणकावर आणला, तीच ही माणसं आहेत. बसून ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, करून द्या. कोणाच्या मशीनवर दुरून शिरायचं तर आधी विचारा. टिकीटमध्ये असं काही लिहू नका जे त्या माणसाने वाचलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी येईल.

एकच माणूस तीसदा त्याच कामासाठी फोन करत असेल तर तीस फोनांची नोंद ठेवा आणि एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसा. मी हे आता नियम म्हणून करतो. दहापैकी सात-आठ वेळा दोष आपण बसवलेल्या कशात तरी निघतो. उरलेल्या वेळी माणसाला कोणी काही शिकवलेलंच नसतं.

आणि खरोखर शिवीगाळ करणारा, मुद्दाम नियम मोडणारा कोणी असेल तर? असतो, मी नाकारत नाही. त्याची लेखी तक्रार करा, तारीख-वेळ टाकून, आपल्या वरिष्ठांमार्फत. मालक लोकांनी तेव्हा आपल्या मागे उभं राहिलं पाहिजे, आणि तीनशे मशीनमागे दोन पोरं ठेवून त्यांच्याकडून हसतमुख सेवेची अपेक्षा करणंही सोडलं पाहिजे. त्यांना मी वेगळं पत्र लिहीन.

शेवटी त्या बाकावरच्या मित्रा, तुझं नाव मला माहीत नाही. तू हुशार आहेस, तुझ्या बोलण्यावरून कळलं. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलं तर एक कर. उद्या सकाळी त्या बाईंच्या टेबलाशी जा, वॉलपेपर काढ, आयकॉन परत आण आणि जुना माउस जोडून दे. त्यांच्या नावावर एका माउसचा इंडेंट पडून आहे, तो रद्द करून घे. आणि माउस चांगला होता, हे त्यांना स्वतःच्या तोंडाने सांग.

तुमचाच,
एक सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर
नागपूर